अव्यभिचारिणी धृती



कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एका वासनिकाच्या घरी श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायाचे निरूपण चालू असता घडलेला एक प्रसंग या लेखास कारण झाला आहे. त्या दिवशी ज्ञानलक्षणांचा भाग होता. ज्ञानाची लक्षणे सांगताना श्रीकृष्णचक्रवर्तींनी आपल्या ठिकाणच्या भक्तीला ‘अव्यभिचारिणी’ असे विशेषण लाविले आहे. त्या पदाचे विवरण होऊन निरूपण संपले, श्रोते उठले. तरी एक भगिनी भिंतीशी तशीच बसून राहिली. दिवाणखाना रिकामा झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, हा शब्द मी आजवर कोर्टाच्या कागदात वाचला होता. पोथीतही तोच असेल असे वाटले नव्हते. चौदा वर्षे ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्याने दुसरीकडे घर मांडले. तो उभा मारुती चौकातून ताठ मानेने जातो. मी मात्र भाजी आणायलासुद्धा दिवस मावळल्यावर बाहेर पडते. मला आता या संसारातले काही नको. मला दीक्षा द्या.”

तिला त्या वेळी जे सांगता आले ते त्रुटित होते. तेच येथे सविस्तर मांडीत आहोत. कारण ही व्यथा तिच्या एकटीची नाही. ती पुरुषांवरही येते. पुरुष ती बोलून दाखवीत नाही, एवढाच भेद. कित्येकदा तो ती मद्याच्या पेल्यात बुडवू पाहतो व आणखी एक घात पदरात घेतो.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘चर्’ म्हणजे चालणे. जो मार्ग स्वीकारला त्यावरून ढळून भलतीकडे जाणे, तो व्यभिचार. लोकव्यवहारात हा शब्द स्त्रीपुरुषांच्या संबंधापुरता संकोच पावला आहे. शास्त्रात त्याची व्याप्ती मोठी आहे. गीतेत त्याचे निषेधार्थी रूप तीन ठिकाणी येते. तेराव्या अध्यायात ते भक्तीचे विशेषण आहे. चौदाव्याच्या अखेरीस भक्तियोगाचे आहे. अठराव्यात मात्र ते धृतीचे, म्हणजे धारण करणाऱ्या धैर्यशक्तीचे विशेषण झाले आहे. ज्या धृतीने मन, प्राण आणि इंद्रिये यांच्या क्रिया सावरून धरल्या जातात आणि जी स्वतः ढळत नाही, तिला भगवंतांनी सात्त्विक म्हटले आहे. ज्याचा विश्वासघात झाला त्याने हे तिसरे स्थान विशेष मनन करावे. जोडीदार ढळला, हे त्याचे कर्म. आपली धृती ढळू न देणे, हे आपले कर्म. पहिले आपल्या हाती नव्हते; दुसरे आहे.

परंतु धृतीचा उपदेश करण्यापूर्वी दुःखाला दुःख म्हटले पाहिजे. असा प्रसंग आला की शेजारीपाजारी, आणि क्वचित धर्म जाणणारेही, “प्रारब्ध म्हणून सोडून द्या” असे म्हणून मोकळे होतात. हे बोलणे वरकरणी शास्त्राचे वाटते. वस्तुतः ते ऐकणाऱ्याच्या जखमेवर मीठ होय. कर्म ज्याने केले, त्याचा दोष त्याला. ज्याच्यावर ते आदळले, त्याला दोषाचा वाटेकरी करणे हे शास्त्राला धरून नाही. ज्याने वचन दिले, सहवासात विश्वास घेतला, आणि अंधारात तो मोडला, त्याने पाप केले, असे स्पष्ट म्हणावे. या व्यथेत झोप उडते, अन्न गोड लागत नाही, छातीत दगड ठेवल्यासारखे होते. आप्त निवर्तला तर लोक भेटीस येतात, दहा दिवस घरी चूल पेटली नाही तरी कोणी अन्न आणून देते. येथे माणूस जिवंत असून गेलेला असतो, आणि भेटीस कोणी येत नाही. आलेच तर चौकशीस येतात. म्हणून हा शोक अधिक एकाकी आहे.

आता एक सूक्ष्म गोष्ट. न्यायशास्त्रातही व्यभिचार हा शब्द आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हा नियम खरा. पण जेथे अग्नी तेथे धूर, असे कोणी म्हटले तर ते चुकते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंड तापून लालभडक होते. त्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. म्हणजे अग्नी हा धुराला सोडूनही राहतो. असा हेतू साध्याला सोडून भटकतो, म्हणून नैयायिक त्याला ‘सव्यभिचार’ म्हणतात, आणि त्यावरून काढलेले अनुमान टाकून देतात. ज्याच्या घरात व्यभिचाराने प्रवेश केला, त्याच्या बुद्धीत हा दुसरा व्यभिचार लगोलग शिरतो. पहिल्याने घर मोडते. दुसऱ्याने माणूस मोडतो. तो तीन अनुमानांच्या रूपाने येतो, म्हणून तिन्हींची परीक्षा करू.

पहिले अनुमान: “माझा त्याग झाला, त्या अर्थी मीच त्याज्य. माझ्यातच काही उणे असले पाहिजे.” हा हेतू सव्यभिचार आहे. गुणवंत, शीलवंत, रूपवंत अशा कित्येकांचा त्याग झालेला जगाने पाहिला आहे. आणि ज्यांच्यात शेकडो उणिवा होत्या, त्यांचे जोडीदार अखेरपर्यंत निष्ठेने राहिलेलेही पाहिले आहेत. तेव्हा त्यागावरून त्याज्यता सिद्ध होत नाही. शिवाजी पेठेला तर हे तालमीच्या मातीतच शिकावयास मिळते. मल्ल चीत झाला म्हणून तो मल्ल नव्हे, असे येथे पोरसुद्धा म्हणणार नाही. तो माती झटकतो, उठतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जोर काढतो. शिवाय कुस्ती नियमाने होते. येथे तर पाठीमागून वार झालेला असतो. पाठीमागून वार झालेल्याने लाजावे कशाला? संसारात उणिवा दोघांच्या असतात, त्या जरूर तपासाव्या. परंतु उणीव ही बोलून दाखविण्याची, भांडण्याची, वेळ पडल्यास उघडपणे वेगळे होण्याची कारण होऊ शकते. फसविण्याचे कारण ती होऊ शकत नाही.

दुसरे अनुमान: “हा एक खोटा निघाला, त्या अर्थी सारे खोटे, आता कोणावरही विश्वास नको.” एका विहिरीचे पाणी खारे लागले म्हणून पंचगंगा खारी ठरत नाही. ज्या बहिणीने रात्र रात्र जागून काढली, ज्या मुलाने न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला, तेही त्याच जगात आहेत. विश्वास ठेवणे हा दोष नव्हता. तो आपला गुण होता. ज्याने त्याचा घात केला, त्याच्या दोषासाठी आपल्या गुणाला दंड का द्यावा? पुढे विश्वास टाकताना विवेक ठेवावा, एवढेच.

तिसरे अनुमान सर्वांत जीवघेणे. “आज कळले ते असे, त्या अर्थी गेली चौदा वर्षेही खोटीच होती.” मग मन एकेक जुना दिवस काढून तपासू लागते. अमुक सणाला तो हसला, ते खरे होते काय? या तपासाला अंत नाही. आपण ज्या निष्ठेने ती वर्षे जगलो, ती निष्ठा खरी होती. समोरच्याचे नाणे खोटे निघाले तरी आपण मोजून दिलेले नाणे खोटे होत नाही. आपले आयुष्य आपल्या आचरणाने खरे ठरते, दुसऱ्याच्या आचरणाने नव्हे.

ही तीन अनुमाने टाकली की दुःख नाहीसे होते असे नाही. ते उरते, पण शुद्ध उरते. त्यातले विष जाते.

येथून पुढे शास्त्राचा मुख्य विचार येतो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर असे चार पदार्थ निरूपिले. देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त, प्रपंच अनित्य, आणि जीव बद्धमुक्त, म्हणजे आज अविद्येने बांधलेला पण मुक्त होण्यास योग्य. आता पाहा, प्रेमात पडलेला माणूस काय करतो? समोरच्या बद्ध जीवाला तो नित्यमुक्ताच्या आसनावर बसवितो. “तू कधी ढळणार नाहीस, तूच माझा आधार, तुझ्यावाचून मी नाही.” ही अपेक्षा फक्त परमेश्वराच्या ठिकाणी पूर्ण होण्यासारखी आहे. बद्ध जीव निष्ठेने वागू शकतो, वागलाच पाहिजे. परंतु त्याच्यावर आपले समग्र अस्तित्व टांगून ठेवणे हे त्याच्या स्वरूपाचे अज्ञान आहे. हे घात करणाऱ्याचे समर्थन नव्हे. खांब खचला हा खांबाचा दोषच. पण सारे घर एकाच खांबावर उभारले होते, हे घर पुन्हा बांधताना ध्यानात ठेवावयाचे. तेराव्या अध्यायातील क्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अव्यभिचारिणी भक्ती सांगण्याच्या लगेच आधी पुत्र, दारा, गृह यांत गुंतून न पडणे आणि इष्ट-अनिष्ट प्रसंगी चित्त सम ठेवणे ही लक्षणे भगवंतांनी सांगितली आहेत. पुत्र-दारांवर प्रेम करू नका, असे तेथे म्हटलेले नाही. त्यांत आपले स्वत्व विरघळवून टाकू नका, असे म्हटले आहे.

भर्तृहरी राजाची कथा आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. नीती, शृंगार आणि वैराग्य ही तीन शतके ज्याच्या नावावर आहेत, त्याच्याविषयी लोक सांगतात, की त्याला मिळालेले अमरत्वाचे फळ त्याने प्रिय राणीला दिले, राणीने ते आपल्या प्रियकराला, प्रियकराने एका गणिकेला, आणि गणिकेने ते पुन्हा राजालाच आणून दिले. राजाने राज्य सोडले. परंतु नाथांच्या कथांत याच भर्तरीची दुसरी हकीकत आहे. तेथे राणी पिंगला एकनिष्ठ आहे. राजा मेल्याची खोटी वार्ता ऐकताच ती प्राण सोडते, आणि राजा स्मशानात वेड्यासारखा शोक करीत बसतो. एका कथेत ती फसविते, दुसरीत ती त्याच्यासाठी मरते. राजा दोन्हीकडे सारखाच उद्ध्वस्त होतो. कोणती हकीकत खरी, हा आपला प्रश्न नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे दिसते, की राजाचा नाश पिंगलेच्या शीलावर अवलंबून नव्हता. त्याने आपले सर्वस्व एका जीवावर टांगले होते, यावर होता.

आता त्या भगिनीच्या मागणीकडे वळू. दीक्षा मागणे हे थोर आहे. आपल्या पंथात महदाइसेसारख्या स्त्रियांनी ज्ञानाचा जो अधिकार मिळविला, तो सर्वश्रुत आहे. तरीही तिला तत्काळ होकार देता आला नाही. लीळाचरित्राच्या एकांकातील श्रीहरिपाळदेवांची लीळा आठवावी. द्यूतात हरल्यावर कमळाइसेकडे अलंकार मागितले, तिने ते दिले नाहीत; आणि स्वामींनी उदास स्वीकारिले. या लीळेवरून कमळाइसेला दोष देण्याचे कारण नाही. आपले अलंकार राखू पाहणारी कोणतीही गृहिणी तसेच करील. लक्ष पुढील भागाकडे द्यावे. रामयात्रेचे निमित्त करून स्वामी निघाले, ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन झाले, आणि तेथून जीवोद्धरणाचे महत्कार्य पुढे उभे राहिले. तो प्रवास घरापासून दूर जाण्यासाठी नव्हता. तो श्रीप्रभूंकडे जाण्यासाठी होता. वैराग्याची हीच कसोटी. जे वैराग्य कशापासून तरी पळते, ते पळणे थांबले की विरते. जे परमेश्वराकडे धावते, ते वाढत जाते. म्हणून तिला म्हटले, “ताई, एक वर्ष थांबा. ज्या दिवशी त्याचे नाव ऐकून तुमच्या पोटात कालवाकालव होणार नाही, आणि तरीही दीक्षेची ओढ राहील, त्या दिवशी या. आज तुम्ही देवाकडे येत नाही. तुम्ही त्या चौकापासून दूर जात आहात.”

यावर तिने विचारले, “मग मी त्याच घरात राहावे काय? आणि उद्या तो परत आला तर?”

धर्म सहन करावयास सांगतो म्हणून अपमान सोसत राहिले पाहिजे, हा समज खरा नाही. याच करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ साली स्त्रियांच्या छळास प्रतिबंध करणारे व घटस्फोटाची वाट मोकळी करणारे कायदे केले. देशात हिंदू विवाह कायदा व्हावयास त्यानंतर छत्तीस वर्षे जावी लागली. १९५५ च्या त्या कायद्यात जोडीदाराचा व्यभिचार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीने विभक्त होण्याची सोयही झाली. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी दंडविधानाचे कलम ४९७ रद्द केले, तेव्हा काहींनी आता व्यभिचार योग्य ठरला अशी समजूत करून घेतली. ती चूक आहे. त्या कलमात पत्नीला तक्रारीचा अधिकारच नव्हता. परपुरुषाविरुद्ध फिर्याद करण्याचा अधिकार तेवढा पतीला होता, जणू स्त्री ही त्याची मालमत्ता. तो गुन्हा दंडविधानातून गेला, घटस्फोटाचे कारण मात्र कायम आहे. आणि राजाने दंड सोडला म्हणून कर्माचे फळ चुकत नाही.

राहावे की निघावे, हा निर्णय ज्याचा त्याने, मुलाबाळांचा व पोटापाण्याचा विचार करून, शांत चित्ताने घ्यावा. पहिल्या आवेगात तो घेऊ नये. परत येणाऱ्याविषयी शास्त्राची दृष्टी स्पष्ट आहे. दोष घडला तर त्याला प्रायश्चित्त आहे. पण प्रायश्चित्ताची अंगे आहेत. दोष लपवाछपवी न करता सांगणे, त्याचे खापर दुसऱ्यावर न फोडणे, तो संबंध समूळ तोडणे, आणि विश्वास पुन्हा मिळेपर्यंत दीर्घकाळ शुद्ध आचरण करणे. “झाले ते विसर” एवढे म्हणणारा प्रायश्चित्त करीत नाही. तो सोय पाहतो. क्षमा आणि पुनर्मीलन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. क्षमा म्हणजे सूड घेण्याचा हक्क सोडून देणे. ती आपल्या चित्तशुद्धीसाठी आहे, आणि ती दूर राहूनही करता येते. पुनर्मीलनाला दोघे लागतात. क्षमेची घाईही करू नये. जखम धुतल्यावाचून बांधली तर आत पू होतो. सूड मात्र सर्वथा वर्ज्य. “त्याने केले, मग मीही करीन” असे म्हणणारा आपल्या धृतीला स्वहस्ते व्यभिचारिणी करतो.

आता ती धृती कशी सांभाळावी? भगवंतांनी मन, प्राण, इंद्रिये अशी तीन नावे घेतली आहेत. त्याच क्रमाने उपाय करावा. मनासाठी: रोज ठरल्या वेळी नामस्मरण, आणि त्यानंतर ठरल्या वेळेपुरताच शोक. शोकाला दिवसभर मोकळे सोडू नये, आणि पूर्ण कोंडूही नये. एका विश्वासू माणसाजवळ सर्व बोलावे. दहा जणांजवळ थोडे थोडे बोलू नये. प्राणासाठी: वेळेवर अन्न, झोप, चालणे. रंकाळ्याच्या काठाने पहाटे एक फेरी घातली तरी प्राणाची गती शांत होते. झोपच येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर एकटे राहू नये, वैद्याकडे जावे. वैद्याचे साहाय्य घेतल्याने भक्तीत उणेपणा येत नाही. इंद्रियांसाठी: डोळ्यांना व कानांना पुनःपुन्हा त्या विषाकडे नेऊ नये. जुनी पत्रे चाळणे, भ्रमणध्वनीत त्याचे छायाचित्र शोधणे, तो कोठे गेला, कोणाबरोबर होता हे दहा जणांकडून काढणे, हे सर्व खपली उचकटणे आहे. जेवढे सत्य निर्णयास हवे तेवढे कळले की शोध थांबवावा.

आणि दोन शब्द पेठेतील शेजाऱ्यांसाठी. ज्याच्या घरी हा प्रसंग आला त्याच्याकडे जाताना प्रश्न घेऊन जाऊ नका. भाकरी घेऊन जा. मुलांदेखत त्यांच्या आईबापांची चर्चा करू नका. ज्याने घात केला त्याला चौकात रामराम आणि जिचा घात झाला तिच्याकडे कुजबुज, ही जर आपली रीत असेल, तर त्या पापातला वाटा आपलाही आहे.

रंकाळ्यातील संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात बुडतो. नवख्याला वाटते, काही उरले नाही. पाणी ओसरले की तो जागच्या जागी उभा दिसतो. ज्याचा पाया निष्ठेचा आहे, त्याचेही असेच होते. पण पाणी ओसरण्याला त्याचा काळ द्यावा लागतो.

हे करवीर श्रीदत्तात्रेयप्रभूंचे भिक्षेचे स्थान म्हणून भाविकांच्या जिव्हेवर आहे. या नगरात राहणाऱ्याने भिक्षेचा धर्म ध्यानात ठेवावा. भिक्षुक दारात उभा राहतो, आणि आतून “पुढे व्हा” असे ऐकू येते. तो त्या दारावर धोंडा मारीत नाही. आपली झोळीही तेथे फाडून टाकीत नाही. झोळी रिकामी राहिली, यात झोळीचे वैगुण्य नाही, हे तो जाणतो. तो पुढे होतो. ज्यांना आयुष्याने एका दारी असे शब्द ऐकविले आहेत, त्यांनी झोळी सांभाळावी. ती भरणारा दाता त्या एका घरात राहत नव्हता.

दंडवत प्रणाम.